बेल न वाजवता आलेला नाताळ

१४ डिसेंबर, रविवार

घरोघर जाऊन नाताळची गीतं म्हणायची कॅरल फेरी यंदा मोबाइलवर! चर्चमध्ये उपासनेनंतर ठरलंसुद्धा. हवा विषारी आहे, निम्मी मंडळी म्हातारी आहेत, धुक्यात गाड्या नकोत. ऋचाची सगळी कारणं खरी. मुलगी नोएडात आयटीत आहे, कारणं मांडायला पगार मिळतो तिला. "काकू, सगळ्यांना लिंक जाईल. प्रत्येक घराला पाच मिनिटं. गिफ्ट अ‍ॅपवरून. बिल्कुल टेन्शन नाही!"

आमच्या मराठी मंडळीची फेरी इतकी वर्षं मीच चालवते. सूर धरा, वेळ पाळा, एकाच घरी करंज्यांनी पोट भरू नका, हे सांगण्यात माझा नाताळ जातो. यंदा कोणाला रागवायचंही नाही. सोय झाली म्हणायची.

१६ डिसेंबर

मीराबाईंचं काय करायचं? गाझियाबादला एकट्या राहतात, ऐंशी ओलांडलेल्या, बटणांचा फोन. लिंक कशावर उघडणार — तव्यावर? फेरीचं शेवटचं घर नेहमी त्यांचं, कारण तिथे बसलेलं कोणी लवकर उठत नाही.

फोन करून सांगितलं, यंदा हवा वाईट, कोणी येणार नाही. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. समजूतदार बाई.

त्यांचा नगरचा पुतण्या, विनय, त्यांच्या मागे लागला आहे — इथलं आवरा, कायमच्या आमच्याकडे या. नाताळ झाला की सांगते, असं त्यांनी त्याला म्हटलंय. त्या गेल्या तर या दिल्लीत मला माझ्या चुका दाखवणारं कोणी उरणार नाही. बाकीचे सगळे मला घाबरतात. कंटाळा येतो त्याचा.

२० डिसेंबर

ग्रुपवर ऋचा: "मीराआजींना सगळ्यांनी केक पाठवू या. सरप्राइज! दुपारी त्या झोपतात, म्हणून 'बेल वाजवू नका'वर टिक करा हं." विचारी मुलगी. मीही मागवला — कमी गोडाचा, सुकामेव्याचा. टिक केली. चष्मा लावून पुन्हा तपासली.

२३ डिसेंबर

माझा केक निघाला म्हणे. नकाशावर स्कूटर गाझियाबादच्या हिंडन नदीच्या पुलावर उभी आहे. हलेचना!

२४ डिसेंबर, संध्याकाळ

फेरी झाली. म्हणजे सगळे आपापल्या सोफ्यावर बसून गायले. आवाज एकमेकांच्या मागून धावत होते. पाळकसाहेब तोंड उघडं ठेवून गोठले ते प्रार्थनेपर्यंत तसेच. मंडळीतल्या पोरांपैकी अथर्व, त्याच्या डोक्यावर फोनमधल्या फिल्टरचा बर्फ पडत होता. कोणाच्या तरी कुकरची शिट्टी तेवढी सुरात. शेवटी ऋचा: "कित्ती मज्जा आली ना, काकू!" चहा ज्याचा त्याने प्यायला.

मग ज्याने त्याने केक पोचल्याचे फोटो टाकले. डिलिव्हरीवाले दारात बॉक्स ठेवून काढतात ते. माझ्या फोटोत मीराबाईंच्या दाराशी दोन बॉक्स. ऋचाच्या फोटोत तीच दोन, वर आणखी. अथर्वचा आजचा — ढीग कडीला टेकलेला.

कालपासून एकही आत गेलेला नाही!

फोन केला. वाजतो, उचलत नाहीत. ग्रुपवर लिहिलं. खाली हात जोडलेली चित्रं आली. "झोपल्या असतील." "सकाळी बघू, काकू." मी कॅब बोलावली आहे.

२५ डिसेंबर

काल रात्री लिफ्टमध्ये त्यांच्या मजल्याचं बटण तीनदा दाबलं. एवढंच लिहिते त्याबद्दल.

ढिगावरून हात लांब करून बेल दाबली. दाबूनच ठेवली. आतून आवाज — "आले, आले! बहिरी नाही मी."

ठणठणीत!

"फोन का उचलत नाही?" मी ओरडलेच.

"कॅरल फेरी फोनवर आहे ना? मला नाही फोनवर गायचं."

मी सगळं सांगितलं. सरप्राइज, टिक, दुपारची झोप. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माझी झोप मोडू नये म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा नाताळ मोडलात."

टेबलावर करंज्यांचा डबा, चकल्या. कपबशा फेरीला लागतात तेवढ्या, पुसून मांडलेल्या. येणार नाही म्हणून सांगितलं होतं, तरी! आम्ही दोघींनी चहा घेतला, एक गीत म्हटलं. दुसऱ्या कडव्यात मी सूर सोडला. त्यांनी हाताने टेबलावर थाप मारून थांबवलं, पुन्हा घ्यायला लावलं.

निघताना म्हणाल्या, "विनयला हो म्हणून टाकलंय. परवा न्यायला येतोय."

"बरं," मी म्हटलं.

बॉक्स आत नेऊन ठेवले. त्यातला तळातला त्यांनी माझ्या पिशवीत कोंबला. "ने. मला एवढा कशाला?"

२६ डिसेंबर

सकाळी तो केक उघडला. एक तुकडा आधीच कापलेला! सुरी नीट फिरवून. वर फीत पुन्हा बांधलेली.

म्हणजे त्यांनी दार उघडलं होतं. केक चाखून पुन्हा बाहेर ठेवला होता. लगेच फोन लावला.

"मीराबाई, केक आलेत हे तुम्हाला ठाऊक होतं."

"कोरडा होता."

"मग आत का नाही घेतलात?"

"केक येत होते ते दिसत होतं. माणूस कोण येतं ते बघत होते." मग आवाज चढवून — "आलीस. आणि जाते म्हटल्यावर काय म्हणालीस? बरं!"

मी केकचं झाकण लावलं.

"जाऊ नका," म्हटलं शेवटी.

पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला. लाइन गेली वाटलं.

"पुन्हा म्हण," म्हणाल्या. "मोठ्याने. विनय आलाय, त्याला ऐकू दे."