उजवा हात

रविवार, १२ तारीख, दुपार

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही ते फोडलंत, म्हणजे राग थोडा तरी उतरला असावा. इकडे आम्ही बरे आहोत. धाकटीचा पुढचा दात पडला, बोलताना शिट्टी वाजते. जिन्यातला दिवा घरमालकाने एकदाचा बदलला. आमच्या हयातीत बदलला हेच नवल.

मुख्य बातमी म्हणजे ह्यांचं काम झालं. डॉक्टरांच्या मंडळाने कायमचं, पूर्ण अपंगत्व लिहून दिलं. आता जन्मभर पेन्शन मिळेल. कारखान्यातले सोबती येऊन 'सुटलात वहिनी' म्हणाले. मी सगळ्यांना चहा दिला.

तुम्ही गेल्यापासून घर खायला उठतं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, माझ्या घरात लुडबुड नको म्हणाले. तुम्ही न जेवता बॅग भरलीत. ताई, भाजी खारट नव्हती. मला तुम्हाला घालवायचं होतं.

लोखंडी पत्रा पडून ह्यांचा डावा हात कोपरापासून गेला, उजव्याच्या बोटांत जीव उरला नाही. तुम्ही आलात आणि रोज ओला फडका पिळायला लावलात. कुरकुर केली की "वेल्डर आहेस की नवी नवरी?" म्हणून टोमणा मारायचात. बोटं हलू लागली, तेव्हा मीच आनंदाने रडले होते. त्याच आठवड्यात युनियनचा कारकून आला. "वहिनी, एक हात चालला तर पूर्ण धरत नाहीत, अर्ध्यावर बोळवण करतात. तपासणी होईपर्यंत जरा सांभाळा," म्हणाला.

मी सांभाळलं. आधी तुम्हाला काढलं, मग फडका लपवला. हे चमचा धरायला गेले की मी काढून घ्यायची. "राहू द्या, मी आहे ना," असं लाडाने म्हणायची. ह्यांना सगळं कळत होतं.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी समोर पेला ठेवला. "उचला." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहत राहिले.

"नाही जमत," हे म्हणाले.

घरी येताच मी फडका भिजवून पुढ्यात ठेवला. "आता पिळा, आता काही भीती नाही." हे हललेच नाहीत. महिना होत आला, बोटं पुन्हा आखडू लागली आहेत. मी ओरडते, पाया पडते. हे "बरं" म्हणतात आणि घासाची वाट पाहत तोंड उघडतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काल धाकटी पडली, गुडघा फुटला. रडत जाऊन बाबांना बिलगली. ह्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. ताई, मी पाहिलं, तिच्या गालापर्यंत आला होता. तिथेच थांबला. मग माझ्याकडे वळून ह्यांनी विचारलं, "पुसू का?"

तुम्ही या. पुन्हा तपासणी होऊन पेन्शन गेली तर मी चार घरची कामं धरीन. मला हवं ते बोला, दाराबाहेर उभी करा, पण ह्यांना माझी परवानगी मागायची सवय लागली आहे ती मोडा. माझं सांगणं आता ह्यांना खरं वाटत नाही.

तुमच्या भावाचा बरा होत आलेला हात बांधून ठेवणारी,
तुमची भावजय