चार बायकांचं काम

आई, तुला अशक्तपणा नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण हुपरीतली आपली सगळी गल्ली तेच म्हणायची. पैंजणांना घुंगरू जोडायचं काम पुढ्यात तसंच पडलंय, तू भिंतीकडे तोंड करून निजली आहेस आणि आप्पा दारातून म्हणतायत, "एक सलाईन लावूया, उठंल दोन दिसांत." तू उठायचीस महिन्या-दोन महिन्यांनी. सलाईनचा त्यात काडीचा संबंध नव्हता. शेवटच्या खेपेला तुझं अन्नपाणी तुटलं आणि तू गेलीस. मी नववीत होते.

आज मंगळवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात एक सासू सुनेला घेऊन आली. सून तीन आठवडे झोपून, जेवण नको, बोलणं नको. डिप्रेशन तर समोरच दिसत होतं. गोळी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात सासू सुनेची बाजू घेऊन म्हणाली, "आळशी न्हाय हो डॉक्टर ही! दिवाळीआधी पंधरा दिस एकटीनं चार बायकांचं काम ओढलंय की. झोप न्हाय, भूक न्हाय, नुसतं गाणं आन् हसणं." मी पेन खाली ठेवलं. माणूस पडला की घरचे त्याला आमच्याकडे आणतात, उधळलेला असतो तेव्हा त्याचं कौतुक करतात. नुसती डिप्रेशनची गोळी दिली असती तर ती पुन्हा तशीच उधळायची भीती होती. हा दोन टोकांचा एकच आजार, हे सासूला बसवून समजावलं.

"म्हंजे ते चांगलं दिस बी आजारच व्हय?"

"व्हय," मी ठणकावून सांगितलं. औषध वेगळं दिलं, रक्त तपासायला लावलं. ती बाई उभी राहील, मला शंका नाही. या कामात मी चांगली आहे, आई. तुझंही तेच होतं, आणि तू समोर असतीस तर दहा मिनिटांत ओळखलं असतं.

पण तू भर परीक्षेत मला शाळेतून उठवून वडगावच्या बाजारात नेलंस, आठवतं? मला तीन फ्रॉक घेतलेस, बांगडीवाल्याशी कडाकडा भांडलीस आणि त्यालाच चहा पाजलास. हसून हसून माझं पोट दुखलं. घरी आप्पा कौतुकानं म्हणाले, "वाघीण हाय माझी."

तुझं औषध लिहिताना मात्र माझा हात अडला असता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, हा कागदही कुणाला दाखवणार नाही. तू निजून असायचीस तेव्हा, आई बरी होऊ दे, असं मी देवाला कधी म्हटलंच नाही. बाजारातली आई परत दे, म्हणायची.