तोंडी परीक्षेचे रोडगे

माघ, गुरुवार. दिवेलागणीनंतर.

सूनबाई आज डॉक्टर झाली. देवापुढे साखर ठेवली, पण जपात मन लागत नाही.

स्वातीचा प्रबंध कपाशीच्या बोंडअळीवर. अकोटजवळच्या एका शेतात तिचा उपाय फसला. गाइड सर म्हणाले होते, ते शेत गाळून टाक. तिने गाळलं नाही. तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतील म्हणून पोळ्या लाटतानासुद्धा उत्तर पुटपुटायची.

परीक्षकांना जेवू घालायची रीतच आहे म्हणे. म्हणून पहाटे उठून गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले. एरवी तूप चमच्याने वाढते, आज हात आखडला नाही. डबे घेऊन मी विद्यापीठात गेले आणि हॉलमध्येच मागे बसले.

तिचं बोलून झालं. बाहेरगावचे परीक्षक हसून म्हणाले, "आता प्रश्न कसले? रोडग्यांचा वास बसू देत नाही."

गाइड सर म्हणाले, "चला सर, निवतील."

सगळे उठले. परीक्षकांपुढच्या प्रबंधाचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

डबे मी आत कशाला नेले? बाहेर ठेवले असते तर? की तरीही त्यांनी काही विचारलं नसतं? ते प्लास्टिक काही माझ्या रोडग्यांमुळे राहिलं नव्हतं. तरी वाटतंच.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. स्वाती वाढत होती, तिने स्वतः तुकडाही मोडला नाही.

आत्ता भांडी घासताना मीच विचारलं, "अकोटचं वावर काहून फसलं वं?"

"आता राहू द्या, आई. झाली ना मी डॉक्टर," म्हणाली, आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.