फोन बदलला, तक्रार मिटली

इंदिरा नगर, लखनौ
११ नोव्हेंबर

ती. सौ. नयनाताईस,

धाकट्या वसूचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनातच, कारण कंबर अजून पुरती वाकत नाही). तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आता दोन महिने होतील. काठी सुटली का, आणि जिना चढायची परवानगी मिळाली का, ते कळव. परवानगी नसताना तू चढत असशील याची मला खात्री आहे. भाऊजींची साखर कशी आहे? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. कागदावर लिहायचं कारण असं की गेले आठ महिने माझा फोन माझा नव्हता. आमच्या अद्वैतने तो कुठल्याशा युक्तीने आपल्या लॅपटॉपला जोडून ठेवला होता आणि माझ्या फोनवर जे उमटेल ते वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर दिसायचं. (मार्चमध्ये सूनबाईंच्या पनीरच्या आमटीबद्दल मी तुला जे चार शब्द पाठवले, ते पाच जणांनी वाचले. त्यांत सूनबाई होत्या. संपदा जन्मापासून लखनौची, घरात हिंदीच बोलते. तिला मराठी इतक्या सफाईने वाचता येतं हे मला त्या दिवशी कळलं.) तेव्हापासून मनातलं काही लिहायचं तर कागदच बरा वाटतो.

अद्वैतने चांगली नोकरी सोडून कंपनी काढली आणि म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या डॉक्टरचा नंबर लावून देणारं ‘सोबत’ नावाचं अ‍ॅप करायला घेतलं, इथपर्यंत तुला ठाऊक आहे. अ‍ॅपचं रंगरूप संपदा ठरवते, हर्षवर्धन नावाचा इंजिनियर ते प्रत्यक्ष बांधतो, आणि आणखी दोघं आहेत ज्यांचं काम मला अजून समजलेलं नाही. म्हाताऱ्यांसाठी चाललेल्या या खटाटोपात सगळ्यांत वयस्क माणूस एकतीस वर्षांचा होता, म्हणून मला घेतलं. पगार नाही, खुर्ची नाही (मी जिन्याशेजारच्या मोढ्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलावर, बसायची), पण अद्वैत म्हणाला की अ‍ॅपात ‘हमारी टीम’ असं एक पान असतं, त्यावर तुझं नाव येईल: वसुधा बोडस, मुख्य परीक्षक. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मला ते फार आवडलं. चौसष्टाव्या वर्षी आपलं नाव कुठेतरी छापलं जाणार म्हणून मी दोन दिवस हवेत होते. तुला लगेच फोन केला आणि तू कऱ्हाडातल्या निम्म्या बायकांना सांगून टाकलंस.

आता माझीच निवड का, तर माझ्या फोनमुळे. आपल्या घरांतली वाटणी ठरलेली असते. नवा फोन मुलाचा, त्याचा जुना सुनेचा, आणि त्याच्याही आधीचा, काचेला तडा गेलेला, आईचा. (त्याच्याही आधीचा मावशीचा, म्हणजे तुझा. त्याची बॅटरी फुगली नाही ना अजून?) शिवाय मला अक्षरं मोठ्यात मोठी लागतात. तू मेली अजून बारीक अक्षरं वाचतेस आणि तोरा मिरवतेस, ते सोड. अद्वैतने बजावलं होतं की आई, सेटिंगला हात लावायचा नाही, तू जशी आहेस तशीच आम्हाला हवी आहेस. हे वाक्य मला या घरात पहिल्यांदाच ऐकायला मिळालं, त्यामुळे मी अक्षरांना हात लावला नाही.

लग्नाआधी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत मी ओल्या कागदावर शंभर बिया मांडायची आणि रोज किती उगवल्या ते लिहायची, आठवतं ना? तशीच वही घातली. तारीख, वेळ, काय दाबलं, काय झालं. पहिली नोंद ‘नंबर लगाएं’ या बटणाची. अक्षरं मोठी असली की वरचा मजकूर फुगतो, बटण खाली ढकललं जातं आणि फोनच्या तळाशी जी त्याची स्वतःची पट्टी असते तिच्यावर जाऊन बसतं. आपण नंबर लावायला जावं तर अ‍ॅपच बंद होतं. पुन्हा उघडा, पुन्हा नाव, वय, दुखणं लिहा, पुन्हा दाबा, पुन्हा बाहेर. एका दुपारी मी बावीस वेळा बाहेर पडले (सासूबाई असताना वर्षातून इतक्या वेळा पडले नव्हते). हर्षवर्धनला दाखवलं तर त्याने आपला नवाकोरा फोन काढला आणि नम्रपणे म्हणाला, “आंटी जी, मेरे फोन पर तो एकदम सही चल रहा है.” ताई, हे वाक्य आठ महिन्यांत मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कोणी नम्रपणे बोलायला लागलं की माझ्या कपाळाची शीर उडते.

पण खरा कळस झाला तो दिवेलागणीच्या नोंदीचा. मी लिहिलं होतं की संध्याकाळी सात वाजले की औषधांच्या पानावरची अक्षरं नाहीशी होतात. पान पांढरंफटक. सकाळी बघावं तर सगळी जागच्या जागी. ऑफिसातली मंडळी सहाला घरी जाणारी, अद्वैत आणि संपदाही तेव्हाच काम मिटणारी, त्यामुळे हे कोणी पाहिलेलं नाही. वर सभा भरली आणि निष्कर्ष निघाला की आंटीजींना मोतीबिंदू आहे. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. थेंब घातले, दोन तास जग धुरकट दिसलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की डोळे वयाच्या मानाने उत्तम. मग आमचे हे म्हणाले की डोळे उत्तम असतील तर मेंदूचा फोटो काढू या. (अडतीस वर्षं शास्त्रज्ञ म्हणून नोकरी केलेला माणूस. प्रयोगशाळेत उंदराचं ऐकत असतील, बायकोचं ऐकायची सवय नाही.) शेवटी मी हर्षवर्धनला साडेसातपर्यंत मुद्दाम बसवून ठेवलं, पोहे खायला घातले आणि फोन त्याच्या हातात दिला. सातला फोन आपोआप काळोखाचं सोंग घेतो (याला डार्क मोड म्हणतात), तेव्हा अक्षरं पांढरी होतात. संपदाने मागचा कागद मात्र पांढराच ठेवला होता. पांढऱ्यावर पांढरं. दुसऱ्या दिवशी ही भानगड शोधून काढल्याबद्दल ऑफिसात केक कापला, त्यावर हर्षवर्धनचं नाव होतं. मला कोपऱ्यातला तुकडा मिळाला.

तेव्हाही मी गप्प बसले, कारण माझं नाव टीमच्या पानावर होतं. म्हणजे आहे असं मला सांगण्यात आलं होतं. ते पान माझ्या फोनवर संपदाच्या फोटोपर्यंत यायचं आणि तिथे अडकायचं, कितीही रेटलं तरी खाली सरकायचं नाही. ही माझ्या वहीतली एकसष्टावी नोंद. अद्वैत म्हणाला, “आई, तुम्हारा नाम सबसे नीचे है, बडे अक्षर में कट जाता है. किरकोळ आहे गं, नंतर बघू.” दुसऱ्या कोणाच्या फोनवर बघता आलं असतं हे मला कळतं. पण आपलं नाव शोधायला दुसऱ्याचा फोन मागत हिंडायचं, हे माझ्याच्याने होईना. आहे म्हणतो तर असेल, असं धरून मी सहा महिने काढले.

दिवाळीनंतर इथल्या महानगर नावाच्या वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात अ‍ॅप दाखवायचं ठरलं. म्हाताऱ्यांना आपलं आपण नंबर लावता आला तर एक मोठं हॉस्पिटल ते घेणार होतं. माझं बटण अजून तळातच होतं. मी रोज आठवण करायची, आणि मंडळी रोज म्हणायची की हे फक्त आंटीजींच्याच फोनवर होतं. धनतेरसला अद्वैतने मला नवा फोन आणला. शेजारणींना वाटलं, मुलगा किती गुणाचा. मलाही वाटलं, दहा मिनिटं. मग मी चहाचा कप ठेवायला वर गेले तर भिंतीवरच्या फळ्यावरच्या माझ्या अजून न सुटलेल्या चाळीसच्या वर तक्रारी पुसल्या होत्या आणि त्या जागी एकच शेरा होता: आई का फोन बदल दिया. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अ‍ॅप दुरुस्त होईना, तेव्हा मला दुरुस्त केलं.

नव्या फोनवर अक्षरं मध्यम, काच गुळगुळीत. मी खोलीचं दार लावलं, पलंगावर बसले आणि टीमचं पान उघडलं. ते लोण्यासारखं खाली गेलं. अद्वैत, संपदा, हर्षवर्धन, मग ती दोघं, मग सुटाबुटातला यांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो: डॉ. माधव बोडस, मार्गदर्शक. (यांचं मार्गदर्शन म्हणजे आठवड्यातून एकदा वर येऊन रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणं.) त्याच्या खाली एक लाल बदाम आणि एक ओळ: ‘और ये सब चलता है आई की चाय पर.’ त्याच्या खाली काही नाही.

ताई, यांच्या प्रबंधातले सगळे तक्ते मी हाताने काढले होते आणि शेवटी आभारात ‘माझी पत्नी’ असं आलं होतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, मला ते गोड वाटलं होतं. आता मुलानेही तेच केलं, आणि वर खोटंही लिहिलं. त्या ऑफिसचा चहा मी एकदाही केलेला नाही. तो मुन्शीपुलियाच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून येतो. मला फार लागलं. अजून लागतं आहे.

पुढचं ऐकून तुला बरं वाटेल. मला वाटलं, पण फार वेळ नाही. महानगरच्या हॉलमध्ये सोळा म्हातारे जमले आणि त्यांतल्या चौदांकडे मुलांचे जुने फोन निघाले, तडे गेलेले, अक्षरं मोठ्यात मोठी. सक्सेना आंटींनी ‘नंबर लगाएं’ दाबलं आणि त्या बाहेर पडल्या. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. सातव्या वेळी त्या म्हणाल्या, “बेटा, इससे अच्छा तो हम रिक्शा करके डॉक्टर के यहाँ हो आते.” हॉस्पिटलचे साहेब महिनाभराने पुन्हा बोलावतो म्हणाले आणि निघून गेले. अद्वैत घरी आला तो थेट माझ्यापाशी. जुना फोन हवा, वही हवी, आणि आई, तू परत वर येऊन बस. मी विचारलं, माझं नाव कुठे आहे? तो आधी हसला, मग म्हणाला, “अरे यार आई, घर के लोगों का नाम थोडे ही डालते हैं.” बापाचा फोटो माझ्याच हातातल्या फोनवर होता, तो मी त्याला दाखवला. मग त्याला एक महत्त्वाचा फोन आला.

तेव्हा माझं ठरलं आहे. गरज सरो वैद्य मरो म्हणणाऱ्यांच्या घरी वैद्य दुसऱ्यांदा जात नाही. वही मी गव्हाच्या कोठीत ठेवली आहे आणि ती कोणालाही मिळणार नाही. नाव आधी, वही मग. यातून माघार नाही, हे तुला साक्षी ठेवून लिहिते.

भाऊजींना नमस्कार सांग. कऱ्हाडच्या बायकांनी विचारलं तर अ‍ॅपचं काम चालू आहे म्हण, ते खोटं नाही.

तुझी,
वसू

ता. क. – वही कालच दिली. अद्वैत दोन दिवस जेवला नव्हता. द्यायच्या आधी सगळ्या नोंदी समास सोडून शाईने नीट उतरवून काढल्या, कारण पेन्सिलीचं अक्षर हर्षवर्धनला लागत नाही.

ता. क. २ – खरं पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. तुझा फोन अगदी वेगळा आहे आणि तुझी अक्षरं बारीक. त्यावर ‘सोबत’ उघड, ‘हमारी टीम’वर जा आणि अगदी तळापर्यंत सरकव. चहाच्या ओळीशी थांबू नकोस, तिच्याही खाली बघ. या नव्या फोनवर काही दिसत नसेल असंही असू शकतं. आठ महिने मी हेच बघत आले आहे, एका फोनवर असतं आणि दुसऱ्यावर नसतं.

ता. क. ३ – दिसलं तर लगेच फोन कर. नाही दिसलं तर काही कळवू नकोस. तुझाही फोन जुनाच आहे, असं मी समजेन.