परत विचारल्याशिवाय नाही

मी, खाली सही करणारी, लिंगभाव अभ्यासाची निवृत्त प्राध्यापक, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. फुप्फुसे शाबूत नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असे लिहिण्याची रीत आहे. दबाव आहे. त्याला न जुमानता लिहीत आहे. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. माझा ग्रंथसंग्रह विभागाच्या वाचनालयाला द्यावा. समासात 'मूर्खपणा' असे लिहिलेले दिसेल. ते बहुतेक माझ्याच पुस्तकांत आहे.

दोन. माझ्या लेखनाचे हक्क पुतणीला. ती परगावी दातांची डॉक्टर आहे. हे मृत्युपत्र तिनेच अमलात आणावे. माझ्या नावाने अध्यासन, पुरस्कार किंवा दालन काढू देऊ नये. माझा प्रभाव किती हे मोजणारे लोक आहेत. त्यांनी मोजत बसावे. तो कोणाच्या नावे करता येत नाही.

तीन. माझे दुसरे पुस्तक जिने प्रबंधात खोडून काढले, त्या विद्यार्थिनीला माझे टेबल द्यावे. ती आता विभागप्रमुख आहे. टेबल ती नेईल, आणि कॅसेट मागेल. कॅसेट देऊ नये.

चार. बायकांनी बंद दाराआड काय सोसले, हे मी त्यांच्या तोंडून ऐकून कॅसेटवर घेतले. माझे सगळे काम त्यावर उभे आहे. पद्धत अशी: बाईला तिचा आवाज ऐकवायचा आणि विचारायचे, छापू का? नव्या आवृत्तीला परत विचारायचे. नको म्हणाली तर ओळ काढायची. प्रकाशक वैतागत. टोपणनाव जिचे तिने निवडायचे. या कॅसेटी माझी मालमत्ता नाहीत. गेल्या वर्षी मी त्या ज्यांच्या त्यांना परत केल्या. एक उरली. त्या बाईच्या घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या नवऱ्याच्या खिशात असतात.

तिने 'पायपुसणं' हे नाव घेतले होते. तिचे एक वाक्य माझ्या सगळ्या पुस्तकांहून लांब गेले: 'आमच्या घराला जिना नाही, तरी मी तीनदा जिन्यावरून पडले.' ते इतर भाषांत गेले, प्रबंधांची शीर्षके झाले. एका परिसंवादात एका विद्वानाने पायपुसणे या प्रतीकावर लांबलचक निबंध वाचला. मी तिला सांगितले. ती म्हणाली, नाव विचारलंत त्या दिवशी तुमच्या दारात तेच दिसलं. बरं, त्यांचं काय ठरलं शेवटी?

पाच. मी इस्पितळात असताना विभागप्रमुखांनी ही कॅसेट विद्यापीठाच्या संग्रहासाठी मागितली. मी नाही म्हटले. तिचे म्हणणे, मॅडम, तो आवाज आता सगळ्यांचा आहे, कपाटात बुरशी लागून जाईल. हेतू वाईट नव्हता. परत विचारायचे हे ती माझ्याकडूनच शिकली. तिने भलत्याच माणसाला विचारले. माझा कायदेशीर वारस माझा थोरला भाऊ. तिने त्याला फोन केला.

दादाने माझे एकही पुस्तक उघडलेले नाही. बायकांची रडगाणी, असे तो म्हणतो. तो इस्पितळात आला, खुर्ची ओढून बसला, माझी चादर नीट केली.

"सही देतो मी त्यांना," तो म्हणाला. "आधी ऐकतो, मग देतो."

पायपुसणं म्हणजे माझी वहिनी. त्याची बायको.

सहा. म्हणून कॅसेट वहिनीला द्यावी, अन्य कोणालाही नाही. मृत्युपत्र वारसांसमोर वाचले जाते. कच्च्या मसुद्यात मी फक्त टोपणनाव घातले होते; दादाला त्यातून काही कळले नसते. आज सकाळी आजारी नणंदेला भेटायला म्हणून वहिनी आली, तेव्हा मसुदा तिला वाचून दाखवला आणि विचारले, चालेल का?

"वन्सं, ते खोडा," ती म्हणाली. "वहिनी लिहा."

मी म्हटले, तो ऐकेल.

"ऐकू देत. जगानं ऐकलं, घरातच तेवढं राहिलंय."

मी परत विचारले. तिने तेच सांगितले. मी खोडले, खाडाखोडीवर माझी सही आहे.

सात. हे राहते घर वहिनीला दिले आहे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. ती आजपासून इथे राहील. किल्ल्या तिच्याकडे दिल्या आहेत.

आठ. दादाला माझ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत द्यावी. वाचायची सक्ती नाही.

नऊ. हे कलम मसुद्यात नव्हते. खाली दादाची गाडी आली आहे. वहिनीला न्यायला आला आहे. हॉर्न वाजला. साक्षीला वकील आणि शेजारीण बसले आहेत. वकील म्हणाले, बाई, सह्या उरकून घेऊ. शेजारीण खिडकीशी गेली आणि हळूच म्हणाली, उतरले, वर येतायत. मी वहिनीला विचारले, जायचंय का? अजून जाता येईल. घरी काही बोलू नका, कागद मी बदलते.

ती उठली. दाराची कडी आतून लावली, साक्षीदारांसमोर पाण्याचे पेले ठेवले.

"बसा," ती म्हणाली. "सावकाश सही करा."

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्याखाली सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली. त्या वेळी दार वाजत होते. कोणी उठले नाही.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. वकील (सही) २. शेजारीण, शाळेत गणित शिकवतात (सही)
ठिकाण: वहिनीचे घर, तिसरा मजला
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे, सोमवार