कुंकू बाहेरूनच लावावं

एडमंटन,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय नंदन,

दसऱ्याचं सोनं घे आणि सोन्यासारखा राहा. आपटा इथे मिळत नाही, म्हणून अंगणातल्या बर्चचं पान पाठवते आहे. रंग बघ, आपल्या आपट्यापेक्षा जास्त सोन्यासारखा!

दर रविवारी फोनवर तासभर बोलतो, मग हे पत्र आणि पार्सल कशाला, असं वाटलं असेल. वाच, कळेल.

आधी मोठी बातमी. सत्तराव्या वर्षी तुझ्या ताईने कॉम्प्युटर बनवला! आणला नाही, बनवला. अकरा वर्षांची नात, केया, माझी गुरू. टपालाच्या तिकिटाएवढे सर्किट बोर्ड मिळतात. एक मेंदू, एक बॅटरीचा, एक पडद्याचा. एकाच्या पिना दुसऱ्याच्या भोकांत बसवून डब्यावर डबा रचावा तसे रचायचे. जन्मभर पूल बांधले, पण इथे एकेक पिन बसवताना दोनदा चष्मा पुसला. तुझे भावजी चहाचा कप घेऊन मागे उभे. विचारतात, "यात ग्रोसरी लिस्ट मावेल का?"

त्या दिवशी खंडेनवमी. पूजा केल्याशिवाय यंत्र सुरू कसं करायचं? मी वाटीत कुंकू कालवलं, वरच्या बोर्डाला बोट टेकवलं आणि बटण दाबलं. पडदा एकदा लुकलुकला आणि विझला.

"आजी! यू पुट वॉटर ऑन इट! हू डझ दॅट?" केया किंचाळली.

"मी," म्हटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, कॉम्प्युटरसाठी.

नंदन, हे मी दुसऱ्यांदा केलं.

नागपूरचा तो रेडिओ आठवतो? खंडेनवमीला बाबांनी शिलाई मशीन, सायकल आणि रेडिओ ओळीने मांडले होते. मला वाटलं, रेडिओचा जीव तर आत आहे, बाहेर कुंकू लावून त्याला काय कळणार? तुझ्या लाल मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने मागचा पुठ्ठा काढला आणि आत सढळ हाताने ओलं कुंकू लावलं. संध्याकाळी बाबांनी बटण फिरवलं आणि धूर निघाला. घरात सगळं उघडून बघणारा तूच, त्यामुळे मार तू खाल्लास. मी दारामागे उभी होते. एक शब्द बोलले नाही.

मार विसरलाही असशील. पण बाबांनी तो स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि पुढे तुला कॉमर्सला घातलं. "याच्या हाताला यंत्र लाभत नाही," म्हणाले. इंजिनिअर मी झाले. अजूनही तू बल्ब बदलायला माणूस बोलावतोस आणि तेच वाक्य हसत हसत म्हणतोस. दर वेळी मी फोनवर विषय बदलते.

केयाने आणि मी बोर्ड सुटे केले, जुन्या टूथब्रशने आणि अल्कोहोलने घासले, दिवसभर वाळवले. काल पुन्हा रचले. पडद्यावर अक्षरं उमटली: "बाहेर ३ अंश. टोपी घाल." मराठीत, नंदन! आम्ही दोघी स्वयंपाकघरात नाचलो. तुझ्या भावजींचा चहा सांडला, तोही कॉम्प्युटरपासून वीतभर अंतरावर.

पार्सलमध्ये बोर्डांचा दुसरा संच आहे. एकही जोडलेला नाही, ते काम तुझं. स्क्रूड्रायव्हरही आहे. लाल मुठीचा शोधायला चार दुकानं फिरले. पूजा करायचीच तर कोरडं कुंकू, बोर्ड ठेवशील त्या डब्याला बाहेरून.

पार्सल पोचल्यानंतरच्या रविवारी फोनपाशी बसेन. तुझा फोन आला नाही, तर मी समजेन. पण माझ्यावरचा राग त्या बोर्डांवर काढू नकोस. जोडून बघ. तुझ्या हाताला यंत्र लाभतं रे. न लाभणारा हात माझा होता.

तुझी, रेडिओ जाळणारी,
ताई