शेळी शांत होती

१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू दोनदा चढणार, तेव्हा सांगत नाही. मी ठीक. निदान काल टपाल येईपर्यंत होतो. हे पत्र लिहिताना तीन कागद फाडून झालेत.

‘प्राणी, पाणी आणि वारा’ची दुसरी आवृत्ती निघतेय. संपादकबाई म्हणाल्या, “एक शब्द बदलू नका, मुलांना फार आवडलंय.” मी हवेत होतो. आणि काल तुझ्या वर्गातल्या त्या मुलीचं पत्र आलं. दोन वेण्यांवाली, जिला तू ‘तपासनीस’ म्हणतेस, तीच.

पूर आला त्या दुपारी तिचे आजोबा म्हणत होते, चल, शाळेच्या गच्चीवर जाऊ. ही म्हणाली, थांबा. माझ्या पुस्तकाचं बेचाळिसावं पान उघडून ती गोठ्यात शेळीकडे बघत बसली. शेळी निवांत रवंथ करत होती. “काही होत नाही, आजोबा. तिला आधी कळलं असतं.” तासाभरात पाणी घरात. आजोबांना शेजाऱ्यांनी खिडकीतून ओढून काढलं, त्यात पाय मोडला. शेळी गेली. हे तुला माहीत आहे, तू त्यांना दवाखान्यात भेटून आलीस. पण पत्राच्या शेवटी तिने मला विचारलंय, “शेळी खोटं वागली, की मला तिचं वागणं कळलं नाही? चूक कोणाची?”

काय सांगू? काही प्राण्यांना जमिनीची थरथर, हवेतला फरक आपल्याआधी जाणवतो, हे खरंय. पण प्रत्येकाला? दर वेळी? कालपासून पुस्तकं उपसतोय, डोकं भणभणलंय. त्या पानावर मी इतक्या ठामपणे लिहिलं ते कशाच्या जोरावर, हे शोधायला गेलो, तर सापडला फक्त लहानपणीचा आपला भुऱ्या.

‘एका कुत्र्याला पूर आधीच कळला आणि तो टेकडीकडे पळाला.’ त्या पानावरचं हेच वाक्य तू दरवर्षी वर्गात सांगतेस, भुऱ्याचं नाव घेऊन. इतक्यांदा ऐकलंय की मलाही तो पळताना दिसतो, कान मागे, शेपूट वर. बाकी सगळं मी दहादा तपासतो. चित्रातल्या मुंगीचे पायसुद्धा मोजले होते, तू हसली होतीस. इथे मात्र एकदाही थबकलो नाही.

ताई, भुऱ्या पळाला नव्हता.

त्याने माझा नवा बूट चावला म्हणून मी त्याला पंपामागच्या खांबाला बांधलं होतं. दुहेरी गाठ मारून. पूर चढू लागला, बाबांनी निघायची घाई केली तेव्हा तू विचारलंस, “भुऱ्या कुठाय रे?” बाबांच्या मारापेक्षा मला तुझी भीती वाटली. म्हणालो, “तो सकाळीच पळाला, टेकडीकडे.” तू डोळे पुसून म्हणालीस, “शहाणा माझा भुऱ्या! त्याला आधीच कळलं.” पुढे घरात सगळ्यांसाठी तेच खरं झालं. माझ्यासाठीही.

मी खोटं लिहिलं की विसरून लिहिलं, हेच मला कळत नाहीये. नऊ वर्षांच्या पोराला किती दोष द्यायचा आणि पन्नाशीच्या माणसाला किती? तू दोघांनाही ओळखतेस, तूच सांग. नाही, सांगू नकोस.

मुलीला उत्तर टाकलंय. चूक तुझी नाही, शेळीचीही नाही, माझ्या पानाची आहे. पाणी चढायला लागलं की प्राण्याकडे बघत बसायचं नाही. त्याचा दोर सोडायचा आणि मोठ्यांबरोबर निघायचं. ते पान मी काढतोय, संपादकबाई ओरडोत. पण ती तपासनीस आहे. भर वर्गात उभी राहून विचारेल, “मग बाई, तुमचा भुऱ्या?” त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय.

आणखी एक, मग संपवतो. तू दप्तरं भरत होतीस, बाबा दार लावत होते. पाणी अजून अंगणाबाहेर होतं. खांब वीस पावलांवर. तो भुंकत होता, मला ऐकू येत होतं.

वेळ होता, ताई.

तू म्हणू देशील तोवर तुझा,
धाकटा